एका फाईलचा इतिहास

परवा शुक्रवारी रात्री साडेअकराला ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी मावसबहीण. ती आणि तिचा नवरा गेली नऊ वर्षं सिअ‍ॅटलला आहेत, आणि दीड वर्षापासून भारतातून मूल दत्तक घ्यायच्या मागे लागलेत. फोन उचलल्या उचलल्या पहिलं वाक्य, "अरे, मला मूल दत्तक घ्यायचंय की होम लोन?"

झालं होतं असं की त्यांना पुन्हा एकदा बँकेचे कागद, टॅक्सचे कागद, ऑफिसचं पत्र, डॉक्टरचं सर्टिफिकेट, लग्नाचं सर्टिफिकेट आणि सगळ्या घराचा एक फोटो द्यायचा होता. वर एक समाजसेविका घरी येऊन तीन-तीन तास गप्पा मारून गेलेली. तुमचं भांडण झालं की आधी कोण बोलतं, असलेही प्रश्न विचारून! ताई म्हणाली, "एका मुलासाठी माझ्या मॅनेजरचं पत्र कशाला लागतं, सांग बरं? कुणी काढले हे नियम?"

आता हा प्रश्न तिने रागात विचारला होता, उत्तर मिळावं म्हणून नाही. पण मला सवयच अशी की जुना कोड हातात आला आणि त्यात एखादी विचित्र 'इफ' कंडिशन दिसली, की ती कुणी, कधी आणि का घातली हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही. बहुतेक वेळा तिथे कधीतरी काहीतरी भयंकर फुटलेलं असतं. त्यामुळे शनिवार-रविवार त्यातच गेला. जे सापडलं ते इथे टाकतोय. वकील मंडळींनी चुका काढाव्यात.

सुरुवात जरा लांबून करतो. 'दत्तक' म्हटलं की आपल्या डोक्यात काय येतं? शाळेच्या इतिहासाचं पुस्तक. सातारा, १८४८, दत्तक वारस नामंजूर. झाशी, १८५४, गंगाधरराव, दत्तक वारस नामंजूर. डलहौसी नावाचा खलनायक. पण यातलं मूल कुठे आहे? गादीला वारस हवा, पिंडाला पाणी द्यायला मुलगा हवा, म्हणून दत्तक. मूल हे घराण्याची गरज भागवायला. मुलाला घर हवं म्हणून त्याला कुणी घ्यावं, ही कल्पना त्या विधीत नाहीच. आणि दत्तक हे 'दान' असल्यामुळे देणारे आईबापच लागतात. म्हणजे जे खरंच अनाथ, ज्याला द्यायला कुणीच नाही, त्याला जुन्या हिंदू कायद्यात दत्तक जाताच येत नव्हतं! मी हे वाचून दोन मिनिटं नुसता बसलो होतो.

याला सणसणीत अपवाद आपल्याकडेच आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, आणि पुढे काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा स्वतः दत्तक घेतला. तो यशवंत, जो पुढे डॉक्टर झाला. पण कायदा यायला ऐंशीवर वर्षं लागली. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा आला तेव्हा पहिल्यांदा मुलगी दत्तक घेता येऊ लागली. टाकून दिलेलं, आईबाप माहीत नसलेलं मूल दत्तक देण्याची सोय मात्र १९६२ च्या दुरुस्तीने झाली. आणि हे सगळं फक्त हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्यासाठी. मुसलमान, ख्रिश्चन, पारशी, ज्यू आणि अर्थातच परदेशी माणसं यांच्यासाठी दत्तकाचा कायदाच नव्हता. सगळ्यांना लागू होईल असं विधेयक १९७२ मध्ये आलं, मुस्लिमांच्या विरोधामुळे बारगळलं. १९८० मध्ये मुस्लिमांना वगळून पुन्हा आलं, तर मुंबईतल्या पारशी मंडळींनी आम्हालाही वगळा म्हणून आघाडी उघडली. तेही राहिलं.

मग परदेशी जोडपी मुलं न्यायची कशी? तर इंग्रजांच्या १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली. कोर्टात जायचं, मुलाचं पालकत्व मागायचं, देशाबाहेर न्यायची परवानगी मागायची, आणि आपल्या देशात गेल्यावर तिथल्या कायद्याने दत्तक घ्यायचं. म्हणजे मूल विमानात बसलं तेव्हा ते कायद्याने कुणाचाच मुलगा किंवा मुलगी नसे. नुसतं पाल्य. तिथे गेल्यावर त्या जोडप्याचा विचार बदलला तर? तर काय, काहीच नाही. तपासणी नाही, पाठपुरावा नाही. कुठल्या कोर्टाने किती खोलात जायचं हे त्या त्या न्यायाधीशावर.

पण परदेशी लोकांना भारतातली मुलं हवीत, ही गोष्ट मुळात सुरू कुठून झाली? त्याचं एक मोठं टोक आहे कोरियात.

कोरियन युद्ध १९५३ मध्ये थांबलं. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या हॅरी आणि बर्था होल्ट या शेतकरी जोडप्याने तिथली आठ मुलं दत्तक घ्यायचं ठरवलं. तेव्हाच्या निर्वासित कायद्यात एका कुटुंबाला दोनच अनाथ मुलं आणता येत होती, म्हणून त्यांच्यासाठी अमेरिकी काँग्रेसने खास कायदा केला. पेपरात फोटो आले, देशभरातून पत्रं आली, आम्हालाही मूल हवंय. होल्टांनी संस्था काढली आणि शॉर्टकट शोधला: दत्तक घेणाऱ्याने अमेरिकेतच बसून मुखत्यारामार्फत कोरियातल्या कोर्टात दत्तकविधान करायचं, मूल विमानाने घरपोच. हेतू वाईट होता असं मला वाटत नाही. होल्ट धार्मिक माणसं होती, मुलांचे हाल बघून त्यांचा जीव तुटला होता. पण एकदा पाईपलाईन बांधली की तिला रोज पाणी लागतं. युद्ध संपून वीस-तीस वर्षं झाली, कोरियात कारखाने उभे राहिले, आणि मुलं जातच राहिली. १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या वेळी तर परदेशी पत्रकारांनी याची चांगलीच थट्टा केली. एकूण सुमारे दोन लाख मुलं गेली असं मानतात.

त्यातली एक गोष्ट माझ्यातल्या डेटाबेसवाल्याला फार लागली. कोरियात २००८ पर्यंत प्रत्येकाची नोंद घराण्याच्या वहीत असायची, तिला होजुक म्हणत. परदेशी जाणाऱ्या मुलासाठी एक वेगळी 'अनाथ होजुक' तयार केली जायची. त्यात ते मूल एकटंच कुटुंबप्रमुख. आई नाही, बाप नाही. प्रत्यक्षात आईबाप जिवंत असले तरी! कारण अनाथाचा व्हिसा लवकर मिळतो. म्हणजे मुलाचा नवा रेकॉर्ड तयार करायचा आणि जुन्याकडे जाणारी लिंक तोडून टाकायची. ही मुलं चाळिशी-पन्नाशीत मूळ शोधत परत आली तेव्हा कळलं की हातातले कागदच खोटे आहेत. कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने मार्च २०२५ मध्ये सरकारने मानवी हक्कांचं उल्लंघन केलं असा स्पष्ट निष्कर्ष काढला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली. सत्तर वर्षांनी.

आता परत भारतात.

१९८२ साल. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलं. याचिका वगैरे नाही, साधं पत्र. परदेशी नियतकालिकातल्या एका बातमीच्या आधारे त्यांचं म्हणणं असं, की मुलं परदेशी देणाऱ्या संस्थांमध्ये गैरप्रकार चाललेत, लहान लेकरं जीव धोक्यात घालून लांबचे प्रवास करतात, आणि जगली तर तिकडे त्यांची आबाळ होते, काही भिकेला किंवा वेश्याव्यवसायाला लागतात. जनहित याचिकांचा तो सुरुवातीचा काळ. न्यायमूर्ती पी. एन. भगवतींच्या कोर्टाने त्या पत्रालाच याचिका मानलं आणि केंद्र सरकार व बालकल्याणाच्या दोन राष्ट्रीय परिषदांना नोटिसा काढल्या. मग देशातल्या-परदेशातल्या संस्थांनी आपापली म्हणणी मांडली.

६ फेब्रुवारी १९८४ ला निकाल आला. मी तो इंटरनेटवर काढून वाचला. कोर्टाची भाषा म्हणून घाबरून जाऊ नका, चक्क वाचनीय आहे. खरं तर तो निकाल नाहीच, ते एक स्पेसिफिकेशन डॉक्युमेंट आहे! संसदेने कायदा केला नाही, म्हणून न्यायमूर्तींनी बसून अख्खी प्रक्रिया लिहून काढली.

ताईचे सगळे कागद तिथे आहेत. एकूण एक. कुटुंबाचा अलीकडचा फोटो, लग्नाचा दाखला, डॉक्टरचं प्रमाणपत्र, नोकरी देणाऱ्याचं पत्र, आयकराचे कागद, बँकेचा दाखला. समाजसेविकेने घरी येऊन लिहायचा अहवाल. परदेशी माणसाने थेट अर्ज करायचा नाही, त्याच्या देशात सरकारमान्य असलेल्या संस्थेमार्फतच करायचा. कारण संस्था मध्ये असली तर उद्या काही बिघडलं तर धरायला कुणीतरी असतं. मूल तिकडे पोचल्यावर दोन वर्षांच्या आत कायद्याने दत्तक घेऊ, पोटच्या मुलासारखे हक्क देऊ, असं लिहून द्यायचं. पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी आणि पुढची तीन वर्षं दर सहा महिन्यांनी मुलाच्या फोटोसकट प्रगतीचा अहवाल पाठवायचा. मुलाच्या सांभाळाचा खर्च म्हणून संस्थेने दिवसाला ६० रुपयांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. हा ६० चा आकडा वाचून हसू आलं, पण विचार केला तर तो आकडाच सांगतो की रोग कुठे होता. मुलाला किंमत लागत होती.

आणि दोन कलमं अशी आहेत की ती वाचताना माणूस हळू होतो.

एक, जन्मदात्या आईबद्दल. मूल जन्मायच्या आधी, किंवा जन्मल्यापासून तीन महिन्यांच्या आत, मूल देऊन टाकायचा निर्णय तिला घेऊ द्यायचा नाही. घ्यायला लावायचं तर नाहीच नाही. मूल परदेशीही जाऊ शकतं हे तिला नीट समजावून सांगायचं. बाळंतपणाच्या खाटेवर, घरच्यांच्या दबावाखाली, अंगठा घ्यायची जी पद्धत होती, तिला घातलेला हा खिळा.

दुसरं, आधी आपल्या देशातलं घर शोधायचं. दोन महिने. कुणी पुढे आलं नाही तरच मूल परदेशासाठी मोकळं. पुढे १९९३ मध्ये हेग इथे जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याचा गाभा हाच आहे. भारताने तो २००३ मध्ये मान्य केला. आपल्या कोर्टाने ही गोष्ट नऊ वर्षं आधी लिहून ठेवली होती, याचा थोडा अभिमान वाटून घ्यायला हरकत नसावी.

त्या निकालातून पुढे १९९० मध्ये 'कारा' ही केंद्रीय दत्तक संस्था निघाली. २००० च्या बाल न्याय कायद्याने धर्म कुठलाही असो, दत्तक घ्यायचा रस्ता खुला केला. २०१५ च्या कायद्याने काराला वैधानिक दर्जा दिला, आणि २०२१ च्या दुरुस्तीने अंतिम आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला. हा भाग रटाळ आहे, सोडून देतो.

पण मग सगळं नीट झालं का? नाही ना! आपल्या धंद्यात आपण म्हणतो, व्हॅलिडेशन कितीही कडक करा, आत येणारा डेटाच खोटा असेल तर काय करणार. आंध्र प्रदेशात १९९९ आणि २००१ मध्ये लंबाडा तांड्यांवरच्या लहान मुली विकत घेऊन दत्तक केंद्रांत आणल्याची प्रकरणं बाहेर आली. चेन्नईत २००५ मध्ये पोलिसांना सापडलं की झोपडपट्टीतून पळवलेली मुलं एका संस्थेमार्फत परदेशी दत्तक गेली होती. घराबाहेर झोपलेलं लेकरू उचललेलं, आणि फाईलमध्ये 'आईने स्वखुशीने सोपवले' असा कागद! पुण्यातल्या एका संस्थेवर २०१० मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला. या प्रत्येक ठिकाणी फाईल पूर्ण होती. होम स्टडी, फोटो, बँकेचा दाखला, सगळं जागच्या जागी. तिकडच्या आईबापांचा काही दोषही नाही, त्यांनी ताईसारखेच कागद गोळा करत रात्री जागवल्या असतील. आणि इकडे एक आई पोलीस चौकीत खेटे घालत होती.

म्हणून पुढे नियम दुसऱ्या टोकाला कडक होत गेले, म्हणजे मूल 'मोकळं' आहे हे ठरवण्याच्या टोकाला. आज मूल सोपवणाऱ्या पालकांना विचार बदलायला दोन महिने असतात. सापडलेल्या मुलासाठी बालकल्याण समितीने आईबापांचा शोध घ्यावा लागतो, मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर दोन महिन्यांत आणि मोठं असेल तर चार महिन्यांत निर्णय. मुलाची निवड कुणा संस्थाचालकाच्या मर्जीने होत नाही, ऑनलाईन यादीतल्या क्रमाने होते. अनिवासी भारतीयांना भारतात राहणाऱ्यांच्या बरोबरीने धरतात, इतर परदेशी त्यानंतर.

मी हे सगळं रविवारी संध्याकाळी ताईला फोनवर सांगितलं. वाटलं, ती म्हणेल, वा! तर ती म्हणाली, "बरोबर आहे तुझं. पण तू फक्त चोर पकडायचा इतिहास सांगतोयस. लिसाचं काय?"

लिसा म्हणजे लिसा स्थळेकर. ताई क्रिकेटवेडी. ऑस्ट्रेलियाची कर्णधार राहिलेली, वनडेमध्ये हजार धावा आणि शंभर विकेट्स घेणारी पहिली बाई. १३ ऑगस्ट १९७९ ला पुण्यात जन्मली, ससूनजवळच्या 'श्रीवत्स' अनाथालयात आली. तिथे तिचं नाव लैला ठेवलं होतं. हरेन आणि सू स्थळेकर अमेरिकेहून आले होते. एक मुलगी त्यांनी आधीच दत्तक घेतली होती, आता मुलगा हवा होता. त्यांनी ही मुलगी बघितली आणि हिलाच नेलं. तेव्हा ती होती तीन आठवड्यांची.

तीन आठवडे! ताई म्हणाली, "१९८४ नंतर हे झालंच नसतं."

खरं आहे. तीन महिन्यांचं एक कलमच पुरे होतं. मग वेळ, समिती, यादी. आजच्या नियमांनी ती मुलगी कदाचित वर्षाची होऊन कुठेतरी गेली असती. कदाचित दुसऱ्या घरी. आणि स्थळेकरांच्या वाट्याला यादीतलं दुसरं मूल आलं असतं. मी म्हटलं, तीन आठवड्यांत लिसा जाऊ शकते, तशीच पळवलेली मुलगीही जाऊ शकते, दार तेच आहे. ताई म्हणाली, "आणि दार बंद ठेवलं की आतली मुलं मोठी होतात, हे कुठल्या निकालात लिहिलंय?"

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नीट सुचत नाहीये. जगाने तर यावर दारच बंद करायचं ठरवलेलं दिसतं. रुमानियाने २००४ च्या कायद्याने जवळपास थांबवलं, इथिओपियाने २०१८ मध्ये बंदी घातली, नेदरलँड्सने २०२१ मध्ये स्थगिती दिली आणि नंतर हळूहळू बंदच करायचं ठरवलं, चीनने २०२४ मध्ये बंद केलं. अमेरिकेत २००४ मध्ये परदेशातून जवळपास २३ हजार मुलं दत्तक आली होती; २०२३ मध्ये तेराशेच्याही आत. भारताचं दार किलकिलं आहे. २०२४-२५ मध्ये कारामार्फत ४,५१५ दत्तकविधानं झाली, त्यातली ४,१५५ देशातच. हा बदल मला चांगला वाटतो. मुलाला त्याच्याच भाषेत घर मिळत असेल तर सिअ‍ॅटल कशाला? पण आपल्याकडच्या रांगेत उभे असणाऱ्यांना बहुतेक दोन वर्षांच्या आतलं, धडधाकट बाळ हवं असतं. सहा वर्षांचा मुलगा, किंवा ज्याच्या पायात दोष आहे तो, या बंद दारामागे वाढत राहतो. या मुलांसाठी रांग परदेशातूनच लागते. त्यामुळे 'परदेशी दत्तक बंद करा' म्हणणाऱ्यांशी मी निम्माच सहमत आहे.

आणि हो, पाठपुराव्याच्या अहवालांची कटकट वाटत असेल तर टेक्सासमधलं २०१७ चं प्रकरण आठवा. बिहारमधून दत्तक गेलेली तीन वर्षांची मुलगी वर्ष-सव्वा वर्षात मेली. दत्तक घेणारे भारतीय वंशाचेच होते. त्यानंतर घरांची तपासणी आणखी कडक झाली. ताईला विचारलेला तो भांडणाचा प्रश्न मला आता तितकासा विनोदी वाटत नाही. तिलाही हे सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "मॅनेजरला उद्या पत्र मागते."

हा लेख लिहून ठेवला होता, टाकायचा राहिला. तेवढ्यात काल ताईची मेल आली. त्यांना एका मुलाचा प्रस्ताव आलाय. विदर्भातला आहे, साडेपाच वर्षांचा. सोबत मुलाचा अहवाल, वैद्यकीय तपासण्या, दोन फोटो. अमुक दिवसांत हो किंवा नाही कळवायचं. त्यांचं हो ठरलंय.

पण नियमात अजून एक ओळ आहे, पाच वर्षं पूर्ण झालेल्या मुलाची संमती लागते. म्हणजे आता कुणीतरी त्या मुलाला समोर बसवून, त्याला कळेल अशा भाषेत विचारणार आहे, की इतक्या लांब, या दोघांकडे, जाशील का? ताईने विचारलंय की त्याला दाखवायला घराचा एक व्हिडिओ करून पाठवते, त्यात मराठीत काय बोलू? गेली नऊ वर्षं ती घरात निम्मं इंग्रजीच बोलते. मी म्हटलं, आधी किचन दाखव. डबे उघडून दाखव.